सतरा हजारांतले सहा

नेपाळच्या शांतता प्रक्रियेच्या कागदपत्रांत एक आकडा आहे, त्याच्यापाशी फारसं कुणी थांबलेलं दिसत नाही. दहा वर्षांचं युद्ध संपल्यावर माओवाद्यांच्या जनमुक्ती सेनेतले १७,०५२ स्त्री-पुरुष पाच वर्षं छावण्यांत राहिले आणि शेवटी त्यांच्यापुढे तीन रस्ते ठेवले गेले. नेपाळी सेनेत जा, रोख रक्कम घेऊन घरी जा, किंवा पुनर्वसन स्वीकारा. म्हणजे अपुरं राहिलेलं शिक्षण, एखाद्या धंद्याचं प्रशिक्षण आणि पायावर उभं राहीपर्यंत सरकारची सोबत. सगळी मोजदाद संपली तेव्हा सेनेत गेलेले १,४२२ होते. रोख घेऊन गेलेले १५,६२४. पुनर्वसन निवडलं होतं सहा जणांनी.

पुनर्वसनाची तरतूद रोख रकमेपेक्षा मोठी होती, हे लक्षात घेतलं की हा आकडा आणखी टोचतो. रोख घेणाऱ्याला हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळणार होते, पुनर्वसन घेणाऱ्यावर सहा ते नऊ लाख खर्च होणार होते. नेपाळी रुपयाचा दर आपल्या रुपयाशी १.६० ला बांधलेला आहे; म्हणजे सर्वांत खालच्या हुद्द्याच्या सैनिकाच्या हातात आपले तीन लाखांच्या थोडे वर पडणार होते. तेवढ्यासाठी माणसं पुढच्या आयुष्याच्या तयारीवर पाणी का सोडतात? ते अडाणी होते, उधळे होते, असं उत्तर काठमांडूत त्या काळी सर्रास दिलं जायचं. मला ते मान्य नाही. ही माणसं पाच वर्षं वाट पाहत बसली होती. कुणाच्या शब्दावर किती विसंबायचं याचा त्यांचा हिशेब पक्का झालेला होता, आणि तो समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

युद्ध सुरू झालं १३ फेब्रुवारी १९९६ ला, रोल्पा, रुकुम, सिंधुली आणि गोरखा या डोंगरी जिल्ह्यांतल्या हल्ल्यांनी. त्याआधी नऊ दिवस माओवादी नेते बाबुराम भट्टराईंनी पंतप्रधान शेरबहादुर देउबा यांच्याकडे चाळीस मागण्यांचं निवेदन दिलं होतं. सुरुवातीला पोलिसांचं प्रकरण म्हणून हाताळली गेलेली ही बंडाळी २००१ च्या नोव्हेंबरात माओवाद्यांनी दाङच्या सैनिकी तळावर हल्ला केल्यावर पूर्ण युद्ध झाली. त्याच वर्षी राजवाड्यात राजघराण्याचं हत्याकांड झालं होतं. नंतर राजे ज्ञानेंद्रांनी २००५ मध्ये सगळी सत्ता हातात घेतली, तेव्हा संसदीय पक्ष आणि माओवादी दिल्लीत एकत्र आले. २००६ च्या एप्रिलमधल्या एकोणीस दिवसांच्या जनआंदोलनापुढे राजाला नमावं लागलं. २१ नोव्हेंबर २००६ ला पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे प्रमुख प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या. तोवर सतरा हजारांच्या आसपास माणसं गेली होती.

या युद्धात कुणी हरलं नव्हतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर फिरतं. माओवाद्यांकडे खेडी होती, सेनेकडे शहरं आणि जिल्ह्यांची ठाणी. त्यामुळे शस्त्रं खाली ठेवण्याचा समारंभ, मान खाली घालून केलेली शरणागती, जेत्यासमोर रांगेत उभं राहणं यातलं काहीही माओवाद्यांनी मान्य केलं नाही. करारात जी व्यवस्था ठरली ती दोन्ही बाजूंची अब्रू राखणारी होती, आणि मला ती आजही विलक्षण हुशारीची वाटते. देशभरात सात मुख्य छावण्या: इलामची चुलाचुली, सिंधुलीची दुधौली, चितवनची शक्तिखोर, नवलपरासीची झ्यालटुंगडांडा, रोल्पाची दहबन, सुर्खेतची दशरथपूर आणि कैलालीत सातवी. प्रत्येकीच्या भोवती तीन उपछावण्या. लढवय्यांनी तिथं राहायचं. शस्त्रांची नोंद करून ती मालवाहू कंटेनरमध्ये ठेवायची. कंटेनरला कुलूप, आणि कुलपाची किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक बाहेरून पहारा ठेवणार. कुणी कंटेनर उघडला की भोंगा वाजणार. नेपाळी सेनेनंही तेवढीच शस्त्रं काठमांडूत अशाच पहाऱ्याखाली ठेवायची आणि बराकीतच राहायचं.

संयुक्त राष्ट्रांचं पथक येईपर्यंत छावण्यांवर नजर ठेवायला माणसं हवी होती. ती मिळाली घरातूनच. भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या १११ नेपाळी गोरख्यांनी ते काम केलं. परक्यांच्या लढाया लढून पेन्शनीत निघालेले हे वयस्क सैनिक आपल्याच देशातल्या तरुण पोरापोरींच्या बंदुका मोजून पाहत होते. नेपाळच्या शांततेची आठवण निघते तेव्हा परदेशी मुत्सद्दी आणि पक्षांचे पुढारी यांचीच नावं पुढे येतात. या १११ जणांना तिथं मानाची जागा मिळायला हवी होती.

मोजणीत जे निघालं ते मात्र अवघड होतं. छावण्यांत नावं नोंदवली होती ३२,२५० जणांनी. शस्त्रं निघाली साडेतीन हजारांच्या आत. म्हणजे एका बंदुकीमागे नऊ माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या पथकानं एकेकाला समोर बसवून पडताळणी केली. २५ मे १९८८ नंतर जन्मलेला म्हणजे युद्धविरामाच्या आचारसंहितेवर सह्या झाल्या त्या दिवशी अल्पवयीन, तो बाद. २५ मे २००६ नंतर भरती झालेला, तोही बाद. ८,६४० जण मुलाखतीला आलेच नाहीत. ४,००८ बाद ठरले. त्यांत २,९७३ अल्पवयीन होते आणि १,०३५ उशिरा भरती झालेले. उरले १९,६०२. त्यांत स्त्रिया ३,८४६.

पुढे २००९ च्या मेमध्ये एक चित्रफीत बाहेर आली. प्रचंड यांनी आदल्या वर्षीच्या जानेवारीत शक्तिखोरच्या छावणीत आपल्या सैनिकांपुढे केलेलं भाषण त्यात होतं. आपली खरी संख्या सात-आठ हजारांची होती, ती पस्तीस हजार सांगितली आणि वीस हजारांच्या आसपास मान्य करून घेतली, असं ते त्यात सांगत होते. काठमांडूत गदारोळ झाला. त्या गदारोळात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. संख्या फुगवायची तर माणसं कुठून तरी आणावी लागतात, आणि युद्ध संपल्यावर ती गावागावांतून आणली गेली, त्यात शाळकरी मुलं होती. त्यांना नोकरीचं, पगाराचं, सेनेत घेण्याचं आश्वासन मिळालं होतं. नेत्यांच्या वाटाघाटीतला आकडा त्या पोरांच्या आयुष्याची कोवळी वर्षं खाऊन मोठा झाला होता.

शांतता कराराच्या वेळी सगळ्यांना वाटलं होतं की छावण्या सहा महिने, फार तर वर्षभर चालतील. त्या पाच वर्षं चालल्या. सुरुवातीला बांबू, प्लास्टिक आणि गवताचे निवारे. मग पत्रे, मग विटा. महिन्याला तीन हजार रुपये भत्ता, नंतर तो पाच हजारांवर गेला, आणि त्यातून पक्षाच्या नावानं कपात होत असल्याची तक्रार जवळजवळ पहिल्यापासून होती. सकाळी कवायत, मग वर्ग, मग बातम्या ऐकणं. कुणी अर्धवट सोडलेली शाळेची परीक्षा बाहेरून दिली. लग्नं झाली, बहुतेक पक्षाच्या परवानगीनं, जातीचा विचार न करता. दलित मुलगा आणि क्षत्रिय घरातली मुलगी, मगर आणि थारू. मुलं झाली. लष्करी छावणीच्या दोरीवर लंगोट वाळत असलेलं जगात क्वचितच दिसलं असेल. छावण्यांत वाईटही घडलं. २००८ मध्ये काठमांडूच्या एका व्यावसायिकाला शक्तिखोरला नेऊन झालेल्या मारहाणीत त्याचा जीव गेला, आणि त्यानं देशभर संताप उसळला. पण कंटेनर फोडून बंदुका घेऊन पुन्हा रानात जाण्याचा प्रयत्न झाला नाही. पाच वर्षांत पाच पंतप्रधान बदलले, तरी वीस हजारांच्या या जमावानं तह मोडला नाही.

उशीर का झाला, हे एका वाक्यात सांगायचं तर काठमांडूतल्या प्रत्येक पक्षाला छावण्या अनिर्णित राहण्यात काही ना काही फायदा दिसत होता. माओवाद्यांना ती वाटाघाटीतली ताकद वाटे. सेनाप्रमुख रुक्मांगद कटवाल यांचं म्हणणं होतं की पक्षाच्या विचारात मुरलेल्यांना राष्ट्रीय सेनेत सरसकट घेता येणार नाही. २००८ च्या निवडणुकीत माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरले, प्रचंड पंतप्रधान झाले, आणि त्यांनी २००९ च्या मेमध्ये कटवालांना बडतर्फ केलं; राष्ट्रपतींनी तो निर्णय रोखला आणि ४ मे ला प्रचंड यांनी राजीनामा दिला. त्यानंतर दोन वर्षं छावण्यांचा प्रश्न सरकारं पाडण्या-घडवण्याच्या खेळात अडकून पडला. २०११ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांचं पथक गेलं. ते गेल्यावर आठवडाभरानं शक्तिखोरला राष्ट्रध्वज फडकवून जनमुक्ती सेना सर्वपक्षीय विशेष समितीच्या ताब्यात देण्यात आली. कंटेनरच्या किल्ल्या मात्र सप्टेंबरमध्ये, भट्टराई पंतप्रधान झाल्यावर सुपूर्द झाल्या, आणि तेव्हाही माओवाद्यांमधल्याच मोहन वैद्य गटानं त्याला विश्वासघात म्हटलं.

या सगळ्या काळात पडताळणीत बाद ठरलेल्या ४,००८ जणांचं काय झालं, हे मला वेगळं सांगायलाच हवं.

२००७ च्या अखेरीस ते बाद ठरले, पण छावण्यांतून बाहेर पडले २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत. दोन वर्षं पक्षानं त्यांना सोडलं नाही, कारण संख्या कमी दिसली असती. सरकार, माओवादी आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात १६ डिसेंबर २००९ ला करार झाला आणि सिंधुलीच्या दुधौलीपासून निरोपाचे कार्यक्रम सुरू झाले. तोवर बरेच जण केव्हाच निघून गेले होते. कार्यक्रमांना यादीतल्या निम्म्यांहून थोडे अधिकच हजर राहिले. त्यांना रोख रक्कम नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमात चार पर्याय होते: शाळेत परत जाणं, धंद्याचं प्रशिक्षण, छोटा व्यवसाय, किंवा आरोग्यसेवेचं शिक्षण. शिवण, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, स्वयंपाक. पर्याय वाईट नव्हते. ते आखणारी माणसं मनापासून काम करत होती. पण ज्या पोरानं चौदाव्या वर्षी बंदूक हातात घेतली, जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन रात्रभर डोंगर तुडवला, त्याला कागदावर ‘अयोग्य’ असा शिक्का मारून शेळ्या पाळायला पाठवलं, तर तो प्रशिक्षणाच्या वहीत काय लिहिणार?

अयोग्य हा शिक्का त्यांच्या जिव्हारी लागला आणि अजून निघालेला नाही. गावात त्याचा अर्थ एवढाच झाला की हा लढायलाही लायक नव्हता आणि शिकायलाही. घरच्यांनी विचारलं, पैसे कुठं आहेत? शेजाऱ्यांनी विचारलं, काही गुन्हा केला होतास का? आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीनं लहानपणी युद्धात ओढलेला मुलगा हा बळी असतो. त्याला संरक्षण, उपचार आणि शिक्षण द्यायचं असतं. व्यवहारात उलटं झालं. जे सज्ञान होते त्यांना लाखांत रक्कम मिळाली, जे लहान होते त्यांना प्रमाणपत्राचा कोर्स. अंगात गोळ्यांचे तुकडे घेऊन फिरणाऱ्यांना उपचारासाठी वणवण करावी लागली.

आता त्या तीन रस्त्यांकडे परत येतो. १ नोव्हेंबर २०११ ला चार प्रमुख राजकीय शक्तींमध्ये सात कलमी समझोता झाला. जास्तीत जास्त ६,५०० जणांना नेपाळी सेनेच्या अखत्यारीतल्या एका नव्या संचालनालयात घ्यायचं. त्यात ६५ टक्के सेनेचे आणि सुरक्षादलांचे लोक, ३५ टक्के माजी लढवय्ये. कामं जंगलसंरक्षण, उद्योगांची सुरक्षा, विकासकामं आणि आपत्तीनिवारण अशी. बाकीच्यांना रोख किंवा पुनर्वसन. निवृत्त लेफ्टनंट जनरल बालानंद शर्मा यांच्या हाताखालच्या, विशेष समितीच्या सचिवालयाची पथकं छावण्याछावण्यांत गेली आणि प्रत्येकाला एकटं बसवून निवड विचारली. पहिल्या फेरीत ९,७०२ जणांनी सेना निवडली, ७,३४४ जणांनी रोख, आणि सहा जणांनी पुनर्वसन.

नऊ हजार सातशे दोन. निम्म्याहून जास्त माणसांना सैनिकच राहायचं होतं. लोक पैशाच्या मागे लागले, या कथेला हा आकडाच उत्तर देतो. मग नऊ हजार सातशेचे चौदाशे बावीस कसे झाले?

निवड वैयक्तिक होणार होती, गट म्हणून नाही; शिक्षण आणि वय तपासलं जाणार होतं. हुद्दे कसे लावायचे यावर महिनोन्‌महिने वाद चालू होता. सेनेत गेलो तर ज्याला काल सलाम केला तो आज आपल्याइतकाच शिपाई असेल, किंवा काल ज्याच्यावर गोळी झाडली तो आपला वरिष्ठ असेल, हे उघड दिसत होतं. आणि त्याच वेळी छावण्यांच्या आत कमांडरांवरचा विश्वास फाटत चालला होता. भत्त्यातली कपात, गैरहजर माणसांच्या नावानं उचललेले पैसे, निवृत्तीच्या धनादेशातून मागितला जाणारा पक्षाचा वाटा या तक्रारी उघड बोलल्या जाऊ लागल्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये काही छावण्यांत सैनिक आपल्याच कमांडरांवर उठले. १० एप्रिलच्या रात्री भट्टराई सरकारनं नेपाळी सेनेला छावण्यांचा ताबा घ्यायला पाठवलं.

त्या रात्रीचा विचार केला की मन अस्वस्थ होतं. ज्या सेनेशी ते लढले, तीच त्यांच्या छावणीत शिरली, आणि तिला पाठवलं होतं त्यांच्याच पक्षाच्या पंतप्रधानानं, त्यांच्याच सैनिकांपासून त्यांच्या कमांडरांना वाचवण्यासाठी. त्यानंतर पुन्हा निवड विचारली गेली तेव्हा सेनेत जायला तयार असलेल्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास उरली होती. कसोट्या, पात्रता आणि आणखी माघारी होऊन शेवटी राहिले १,४२२. ते २०१३ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून सेनेत रुजू झाले. त्यांतल्या एकाला कर्नलचा हुद्दा मिळाला. त्यांच्याबद्दल पुढे फारशी बातमी आली नाही. सेनेत माओवाद्यांची फौज घुसेल ही जी भीती पाच वर्षं घातली गेली, तिच्या मानानं हे मौन बोलकं आहे. सहा हजार पाचशे जागा होत्या; चौदाशे बावीस भरल्या. उरलेल्या पाच हजार जागांमध्ये नेपाळनं काय गमावलं, याचा हिशेब मांडला गेलेला मी वाचलेला नाही. भूकंपाच्या, पुराच्या, दरडींच्या त्या देशाला डोंगर ओळखणारी, शिस्तीत चालणारी, जातीपातीत न अडकलेली पाच हजार तरुण माणसं आपत्तीनिवारणाला मिळाली असती. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप तीन वर्षांवर आला होता.

पुनर्वसनाला सहाच का, याचं उत्तर आता देता येतं. रोख घेतली की संबंध संपतो. पुनर्वसन घेतलं की संबंध चालू राहतो. वर्ष, दोन वर्षं त्याच सरकारी कचेरीत हेलपाटे, त्याच पक्षाच्या चिठ्ठ्या, नवा मंत्री आला की नवा नियम. बाद ठरलेल्या चार हजारांना प्रशिक्षणाच्या नावाखाली काय मिळालं हे या सगळ्यांनी दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय घरी म्हातारे आईबाप, कडेवर मूल, आणि गावात सावकाराच्या थकलेल्या कर्जाची वसुली. अशा माणसानं जास्तीच्या लाखासाठी राज्यावर विश्वास टाकावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी राज्यानं तो कधी कमावला ते दाखवावं. आणि रोख हा पर्याय सगळ्या पक्षांनाही सोयीचा होता, हे मी ठामपणे म्हणेन. सेनेला नको असलेली माणसं टळली. विरोधी पक्षांना छावण्या मोकळ्या झालेल्या दिसल्या. माओवादी पक्षाला वाट्याची आशा होती. मदत देणाऱ्या देशांना काम संपल्याचा अहवाल मिळाला. पैसे देणं या एकाच गोष्टीला कुणाचा विरोध नव्हता, कारण त्यात कुणालाही बदलायचं नव्हतं.

स्त्रियांच्या बाबतीत तर निवड ही निवडच नव्हती. अंगावर पाजणारी आई शारीरिक चाचणीच्या मैदानात धावणार कशी? नवरा सेनेत आणि बायको रोख घेऊन घरी, अशी वाटणी अनेक जोडप्यांनी केली. पण घर म्हणजे कुणाचं? या मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरातून निघाल्या होत्या. कुणी लग्न टाळायला, कुणी शाळेच्या रस्त्यावर झालेल्या अपमानानं, कुणी भाऊ मारला गेला म्हणून. त्यांनी तुकड्या चालवल्या होत्या, नकाशे वाचले होते. परतल्यावर पुढे आली ती सासू, जी आंतरजातीय लग्न मान्य करायला तयार नव्हती, आणि गाव, जे जंगलात पुरुषांबरोबर राहिलेल्या बाईकडे संशयानं बघत होतं. पाळीच्या दिवसांत गोठ्यात झोपायची प्रथा पश्चिमेच्या डोंगरांत तशीच होती. म्हणून पुष्कळ जोडपी गावी गेलीच नाहीत. छावण्यांच्या आसपास, चितवनात, पश्चिम तराईत त्यांनी मिळालेल्या पैशातून घराएवढी जमीन घेतली आणि एकमेकांच्या शेजारानं राहिली. नवं गाव त्यांनी स्वतःच वसवलं. त्यासाठी कुठल्या योजनेत रकाना नव्हता.

बाकीचे देशाबाहेर गेले. नेपाळच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास रक्कम परदेशी कमाईतून येते. आखाती देश आणि मलेशियाच्या विमानांत हे माजी सैनिकही बसले, आणि निवृत्तीचा पहिला हप्ता दलालाला देऊन गेले. पश्चिम नेपाळच्या लोकांचा जुना रस्ता दक्षिणेचा आहे. उघड्या सरहद्दीवरून धनगढी किंवा महेंद्रनगर सोडलं की पारपत्र लागत नाही, आणि मुंबई, पुणे, गोवा इथवर पोहोचलेल्या गावकऱ्यांची साखळी असते. युद्धाच्या काळात या साखळीनं दोन्ही बाजूंना घाबरलेली पोरं इकडे आली: माओवादी घरटी एक माणूस मागत म्हणून, आणि सेना प्रत्येक तरुणाला माओवादी समजे म्हणून. आपल्या सोसायटीच्या फाटकावरच्या, हॉटेलच्या भटारखान्यातल्या तिशी-चाळिशीच्या नेपाळी माणसाला आपण गाव विचारतो, पण त्या दहा वर्षांत तो कुठं होता हे क्वचित विचारतो.

वरच्या फळीचं बरं झालं. जनमुक्ती सेनेचे सरसेनापती नंदकिशोर पुन २०१५ पासून २०२३ पर्यंत देशाचे उपराष्ट्रपती होते. उपसेनापतींपैकी बर्षमान पुन आणि जनार्दन शर्मा अर्थमंत्री झाले. त्यांनी बंदूक सोडून संसद स्वीकारली याचा मला आनंदच आहे. जगातल्या फार थोड्या बंडांचा शेवट असा झाला. पण त्यांच्या खालच्या शिपायाला जेव्हा कळतं की सेनापतीसाठी राज्याचे दरवाजे उघडले आणि आपल्यासाठी दोन धनादेश, तेव्हा काहींना पुन्हा जुना रस्ता आठवतो. नेत्रविक्रम चंद यांनी वेगळा गट काढून पुन्हा स्फोट आणि खंडणीचा मार्ग धरला तेव्हा त्यांच्यामागे माजी सैनिकही गेले. २०१९ मध्ये त्या गटावर बंदी आली, २०२१ च्या मार्चमध्ये तोही समझोत्यावर आला. युद्ध मात्र परतलं नाही. कोलंबियात २०१६ च्या करारानंतर फार्क संघटनेच्या माजी लढवय्यांना दोन वर्षं किमान वेतनाच्या ९० टक्के भत्ता, सहकारी संस्था, प्रकल्पांसाठी भांडवल असं पुष्कळ काही मिळालं, पण चारशेहून अधिक जण नंतर मारले गेले. नेपाळमध्ये गावी परतलेल्यांची अशी शिकार झाली नाही. या गोष्टीचं मोल मी कमी लेखणार नाही.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं ठेवली. २००५ पासून राज्याची आत्मसमर्पण योजना चालू आहे. नेपाळसारखा तह इथं झालेला नाही. इथं माणूस एकेकटा किंवा घोळक्यानं येतो आणि अटी सरकारच्या असतात. तरी दुसऱ्या दिवशीची पहाट दोन्हीकडे सारखीच. गावात परतायचं तर खबरी म्हणून ज्याच्या बापाला मारलं त्याचं घर त्याच आळीत असतं. दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या तुकडीत, लग्न करणाऱ्या पुरुषांची नसबंदी होत असे. बाहेर आल्यावर त्यांतल्या अनेकांनी ती उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. नेपाळच्या छावण्यांत मुलं जन्मत होती, इथं मूल होण्याची शक्यताच आधी दवाखान्यातून परत आणावी लागते. बक्षिसाची रक्कम, घरकुल, कारखान्यातली नोकरी या गोष्टी हव्यातच. पण समर्पणाच्या फोटोनंतर पाच वर्षांनी ती माणसं कुठं आहेत, किती जण कामावर टिकले, कुणाच्या बायकोला आधारकार्ड मिळालं नाही, हे दरवर्षी जाहीर सांगायचं बंधन राज्यानं स्वतःवर घालून घ्यायला हवं. नेपाळनं ते केलं नाही, आणि साडेपंधरा हजार माणसं पुढे कुठं गेली याची सरकारी नोंदवही नाही.

लढणाऱ्यांबद्दल इतकं लिहिताना ज्यांनी सोसलं त्यांचं नाव शेवटी येतं, हे नेपाळमध्येही झालं. करारात लिहिलं होतं की बेपत्ता केलेल्यांची माहिती साठ दिवसांत जाहीर करू. त्यासाठीचा आयोग स्थापन व्हायला २०१५ साल उजाडलं. सत्य आणि मेळमिलाप आयोगाकडे साठ हजारांहून अधिक तक्रारी जमल्या. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०२४ चा ऑगस्ट लागला, आणि पुढच्या वर्षी नव्या नेमणुका झाल्या तेव्हा पीडितांच्या संघटनांनीच त्यांना विरोध केला. इथंही राज्याला सुचलं ते तेच: मृतांच्या आणि बेपत्तांच्या कुटुंबांना टप्प्याटप्प्यानं दहा लाख रुपये.

बर्दिया जिल्ह्यात सर्वांत जास्त माणसं बेपत्ता झाली. बहुतेक थारू समाजाची, बहुतेकांना सेना आणि पोलिसांनी नेलेलं, काहींना माओवाद्यांनी. त्याच पश्चिम तराईत रोख घेतलेल्या माजी सैनिकांनी घरं बांधली आहेत. बेपत्ता माणसाच्या बायकोला जमीन स्वतःच्या नावावर करायची तर नवरा मेला असं आधी लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून दिलं की तो कुठं आहे हे विचारायचा तिचा हक्क कमजोर होतो. म्हणून कित्येक जणींनी सही केलेली नाही. बाद ठरलेल्या चार हजारांचा प्रश्नही तसाच लटकलेला आहे. २०२२ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांना प्रत्येकी दोन लाख रुपये द्यायचा निर्णय सरकारनं घेतला आणि सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप थांबवलं. त्यांच्यातल्या काही जणांनी लहान वयात युद्धात ओढल्याबद्दल आपल्याच जुन्या नेत्यांविरुद्ध न्यायालयाचं दार ठोठावलं आहे. उपचार, काम, अयोग्य हा शब्द सरकारी कागदांवरून काढणं, आणि आपल्याला भरती कुणी केलं याची चौकशी, या त्यांच्या मागण्या आहेत. यादीतल्या अल्पवयीनांपैकी कुणीही अजून चाळिशीला पोहोचलेला नाही.